भिकाजीपंतांचा डोंगर

अन्याय झाला आहे तो कल्याणात तळ्यामागच्या आळीत राहणाऱ्या भिकाजीपंतांवर. गेल्या चंपाषष्ठीच्या सकाळी पंत खंडोबाच्या आरतीला गेले असताना स्वागत कमिटीने त्यांच्या खिडकीसमोरच्या जांभळाला खालून वरपर्यंत चुना फासला. चक्क शिडी लावून! बडे साहेब यायचे होते ना! साहेब आले, बग्गीत डुलक्या घेत निघून गेले. झाडाकडे बघितलेसुद्धा नाही.

झाडाला चुना लागला, यात रडण्यासारखे काय, असे तुम्ही म्हणाल. तर आधी पंत कोण ते ऐका.

पंत मामलेदार कचेरीचे पेन्शनर. कोणी भेटले की नमस्काराआधी विचारणार, "किती उंचावरून आलात?" शहाडचा माणूस काय सांगणार? "नदीकाठावरून." "म्हणजे खपली!" असे म्हणून पंत पुढे चालू लागणार.

हे खपली प्रकरण म्हणजे दगडफूल. आपल्याला ते मसाल्याच्या डब्यापुरते ठाऊक. पंत सांगतात, झाडांच्या सालीवर जे करडे-हिरवे धरते, ते सगळे याच गोतातले, आणि डोंगर चढावा तसे ते बदलत जाते. "खाली खपली, मध्ये पान, माथ्यावर दाढी!" पायथ्याच्या तापलेल्या रानात सालीला लिंपल्यासारखी नुसती खपली. निम्मा घाट चढला की तिला पाने सुटतात. आणि धुके अडते त्या माथ्यावर फांद्यांना हिरवट दाढ्या लोंबतात. एका लग्नात पंतांनी आमटीतले दगडफूल चिमटीत धरून भर पंक्तीत जाहीर केले, "निम्म्या घाटातलं आहे!" व्याही रागावून पानावरून उठायलाच निघाले होते.

त्यांची स्वतःची वरात तर भीमाशंकराच्या रानातून खाली उतरेना. "दर झाडाला नाक लावून नवरदेव उभे," यमुनाकाकू सांगतात. "शेवटी माझे वडील ओरडले, अहो, मी पोर दिली कुणाला? यांना की झाडांना?"

असो. मी कमिटीच्या अध्यक्षांना जाऊन जाब विचारला. ते म्हणाले, "अरे, त्या झाडाला खरूज झालेली! आम्ही बरी केली. उपकार मान."

"ज्याच्या दारातलं झाड, त्याला विचारलंत?"

"पत्रकं छापून छापून डोकं फिरलंय तुझं, पोरा."

तिथून मी तडक पंतांच्या घरी गेलो. ओसरीवरून माजघरात त्या दिवशी पहिल्यांदाच पाऊल टाकले. काकूंचे पाय गेले आहेत हे ठाऊक होते. त्यांची खाट त्या खिडकीशी आहे, हे ठाऊक नव्हते.

"खालून बघत जायचे रे," काकू म्हणाल्या. "बुंध्याशी खपली. मग पानं. त्या वरच्या फांदीशी दाढी आली की माझं माहेर आलं."

घाटाच्या दर खेपेला तिथे पडलेल्या काटक्या आणून पंतांनी त्या उंचीच्या क्रमाने जांभळाला सुतळीने बांधल्या होत्या. सगळा डोंगर एका झाडावर, खाटेवरून चढता येईल असा! आणि आपण त्याची खरूज बरी केली.

पंत ओसरीवर सुतळी भिजवत बसले होते. मी म्हणालो, "पण काका, माथ्यावरची दाढी इथल्या उन्हात टिकायची नाही."

"हिचे वडील हेच म्हणालेले. माथ्यावरची पोर खाली टिकायची नाही."

"टिकले की!" आतून काकू. "सुना आल्या, नातवंडं झाली!"

पंत उठले, जांभळाशी वाकले. बुंध्याच्या एका बेचक्यात कुंचा शिरला नव्हता. तिथे झाडाचीच मूळची इवलीशी खपली तशीच होती.

"पायथा शाबूत आहे गं!" त्यांनी खिडकीत हाक दिली.

पायथा आहे, वरचा डोंगर मात्र पुन्हा बांधायचा राहिला. पंतांचे गुडघे आता घाट चढू देत नाहीत. तेव्हा वाचकहो, हळहळू नका. मुरबाडावरून घाट चढून जाणार असाल, तर उतरताना माथ्यावरची एक दाढीवाली काटकी घेऊन या. तोडू नका, पडलेलीच उचला. तळ्यामागच्या आळीत जांभळासमोर खिडकी आहे. तिथे हाक मारा, आणि किती उंचावरून आलात ते आधी सांगा.