अनवाणी वाजणारा डबा

घरातलं जेवणाचं टेबल जेवणासाठी वापरलं गेल्याला बराच काळ लोटला होता. त्यावर आता डाग देण्याची लोखंडी सळई, वायरींचे गुंते, स्क्रूंच्या वाट्या आणि पत्र्याचे रिकामे डबे यांचं राज्य होतं. जेवायला बसताना मांडीवर ताट घ्यायचं आणि उठताना पायाखाली काही येत नाही ना ते बघायचं, अशी घराची शिस्त पडली होती.

टेबलाचे धनी चष्म्याच्या दुकानात काम करत. दिवसभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून झटणारा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन आवाज गढूळ करायला बसे. गिटारचा आवाज एका वायरीने डब्यात शिरायचा, आतल्या चिमुकल्या भागांमधून रगडून निघायचा आणि खरखरीत, भरदार होऊन दुसऱ्या वायरीने स्पीकरकडे जायचा. डबा जमिनीवर ठेवून त्याचं बटण पायाने दाबायचं, म्हणून त्याला पेडल म्हणायचं. चष्मेवाल्यांना गिटारवर एकच धून येत असे, तीही अर्धी. पण ती अर्धी धून त्यांनी इतक्या निरनिराळ्या डब्यांतून घरच्यांना ऐकवली होती की शेजाऱ्यांनाही ती तोंडपाठ झाली होती.

त्यांच्या पत्नी शाळेत चित्रकला शिकवत. सगळे त्यांना बाईच म्हणत. बाईंना या छंदाचं कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

"लोक चांगला आवाज यावा म्हणून धडपडतात. तुम्ही मेहनत घेऊन बिघडवता?"

"बिघडवायचाच, पण आपल्याला हवा तसा," चष्मेवाले म्हणत आणि पुन्हा भिंगाखाली वाकत.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका जेवणात बाईंच्या दाताखाली कडकन काहीतरी आलं. बाहेर काढून बघतात तर पेडलमध्ये बसवायचा इवलासा डायोड. बाईंच्या दाताची विचारपूस करण्याआधी चष्मेवाल्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "अरे वा, हाच शोधत होतो." बाईंनी ताट खाली ठेवलं आणि टेबलाचा निकाल लावायचं ठरवलं.

योगायोगाने शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या आणि निरोप समारंभात बाईंचा धाकटा भाऊ गिटार वाजवणार होता. बाईंनी सरळ करार मांडला. भाऊ भाऊजींनी केलेलंच पेडल वापरेल. ते सगळ्यांसमोर नीट वाजलं, तर टेबल कायमचं चष्मेवाल्यांचं. नाही वाजलं, तर दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याआधी सगळा पसारा माळ्यावर. चष्मेवाल्यांनी मान डोलावली आणि लगेच स्क्रूंच्या वाट्या पुढे ओढल्या. माळ्यावर गेलेली कुठलीही वस्तू त्या घरात पुन्हा खाली आलेली नव्हती.

त्यांनी जीव ओतून पेडल केलं. बाईंना मात्र आपल्या शाळेच्या रंगमंचावर उघडावाघडा पत्र्याचा डबा दिसणं पसंत नव्हतं. भोकं पाडून झाल्यावर त्यांनी तो रिकामा डबा मागून घेतला आणि मोरपंखी रंगाने रंगवून, वर पांढऱ्या लाटा काढून परत दिला. डबा इतका देखणा झाला होता की चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग त्याच उत्साहात त्यांनी सगळे भाग आत बसवले आणि झाकण लावून टाकलं.

घरी पेडल उत्तम वाजलं. चष्मेवाल्यांनी पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं, पाय तसाच डब्यावर ठेवला आणि आपली अर्धी धून वाजवली. मेहुणा आला, दाराशी बूट काढून आत बसला आणि पूर्ण धून वाजवून गेला. वाजवणं थांबलं की स्पीकर अगदी गप्प. मेहुण्याने पहिल्यांदाच भाऊजींच्या छंदाला नावं ठेवली नाहीत. बाई रिकाम्या टेबलावर कुठला कपडा अंथरायचा हे ठरवून बसल्या होत्या. त्यांनी तो पुन्हा कपाटात ठेवला.

समारंभाच्या दिवशी मेहुणा नवेकोरे, जाड तळाचे बूट घालून रंगमंचावर चढला. त्याने गिटार अडकवली, बुटाच्या टोकाने बटण दाबलं आणि सभागृहभर घोंघावणारा एक आवाज सुटला. भाषणाचा कागद हातात घेऊन बसलेल्या मुख्याध्यापिका दचकून मागे पाहू लागल्या.

शाळेचा वीजवाला पंख्यांवर संशय घेऊन उठला आणि त्याने पंखे बंद केले. घोंघावणं तसंच राहिलं, लोक मात्र घामेजले आणि हातातल्या कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेऊ लागले. मग त्याने रंगमंचाचे आणि सभागृहाचे दिवे घालवले. तरी फरक नाही. शिपायाने चहाच्या विजेच्या किटलीकडे बोट दाखवलं, तीही बंद झाली. शेवटी पाण्याचा पंपसुद्धा थांबवला. आता सभागृहात दारातल्या उजेडाखेरीज अंधार होता, उकाडा होता, चहा निवत होता, नळाला पाणी नव्हतं आणि घोंघावणं पहिल्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

पहिल्या रांगेत बसलेल्या चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. बाई त्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "जा की वर. बघा काय ते."

ते रंगमंचावर गेले आणि गुडघे टेकून बसले. वायर घट्ट बसली आहे का ते बघायला त्यांनी एका हाताने वायरीचं धातूचं टोक धरलं आणि दुसरा हात सहज डब्यावर ठेवला. आवाज थांबला. हात उचलला, आवाज सुरू. रडणाऱ्या तान्ह्या बाळासारखा तो डबा नुसत्या हात ठेवण्याने शांत होत होता. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

"भाऊजी, तुम्ही असेच बसून राहा," मेहुणा कुजबुजला. "मी उरकतो लवकर."

पण चष्मेवाल्यांचं डोकं आता चालू लागलं होतं. घरी तर कोणी असं बसलं नव्हतं. घरी काय होतं, जे इथे नाही? त्यांची नजर समोरच्या चकचकीत बुटावर पडली.

"बूट काढ."

"काय?"

"बूट काढ. मोजेही. तारांना हात लागलेला हवा आणि डब्याला उघडा पाय."

एवढ्या लोकांसमोर मोजे काढायला मेहुणा तयार होईना. दोन मोजे दोन रंगांचे आहेत हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. पण दुसरा इलाज नव्हता. त्याने बूट-मोजे पडद्यामागे सरकवले, उघडा पाय डब्यावर टेकवला आणि सगळं शांत झालं. त्या अंधारात, पंखे नसताना, गिटार इतकी सुरेख वाजली की लोकांनी वारा घेणं थांबवलं.

दिवे लागल्यावर मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. तयार भाषण बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "वाजवण्यापूर्वी पायातलं काढून ठेवणारा कलाकार मी खूप दिवसांनी पाहिला." टाळ्या पडल्या. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. करार करारच असतो, असं म्हणत बाईंनी घरी जाताना टेबल देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यांनी डबा उघडला आणि त्यांना सगळा उलगडा झाला. वायर खोचायच्या जागेचा धातू डब्याच्या धातूला टेकलेला लागतो, तरच डबा गप्प राहतो. इथे दोघांच्या मधे मोरपंखी रंग होता, आणि तुटलेली जोडणी काल तारांवरच्या हातापासून उघड्या पायापर्यंत मेहुण्याच्या अंगातून जुळली होती. बाईंनी डबा आतूनही रंगवला होता, तोही बाहेरच्याइतकाच निगुतीने. आणि बसवताना आपण तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"काय सापडलं?" बाईंनी मागून विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती. चष्मेवाल्यांनी झाकण लावून टाकलं. "काही नाही गं. आतूनसुद्धा फार सुंदर झालाय."

"आत कोणी बघत नाही, पण अर्धवट काम मला जमत नाही," बाई खूश होऊन म्हणाल्या.

पुढे मेहुण्याच्या मित्रांना तसलीच पेडलं हवीशी झाली. बाईंनी आपले रंग आणि ब्रश आणून टेबलाचा उरलेला भाग व्यापला. त्या प्रत्येक डबा आतून-बाहेरून रंगवत, आणि त्या आंघोळीला गेल्या की चष्मेवाले भोकाभोवतीचा आतला रंग खरवडून टाकत. पेडलं आता बूट घालूनही गप्प राहिली असती, पण ते कळायला कोणी बूट घालून वाजवायला हवं होतं. मेहुण्याचे सगळे मित्र अनवाणीच वाजवत.

एक दिवस चष्मेवाले खरवडायला बसले, तर त्यांच्या खुर्चीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ते त्याकडे बघत असतानाच बाई ओले केस टिपत बाहेर आल्या.

"भुगा त्यावर पडू द्या. रोज मला झाडावा लागतो."

चष्मेवाल्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "तुला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्या दिवशीच रंगाचा भुगा दिसला होता."

"मग आतून रंगवतेस कशाला?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते," बाई म्हणाल्या आणि टेबलावर ताटांना जागा मिळेल का ते पाहू लागल्या. मिळाली नाही. मग दोघांनी मांडीवरच ताटं घेतली.