कोकजिद्याची अश्वरक्षण समिती

मनुष्य घोड्यावर दोन प्रकारे प्रेम करतो : पाठीवर बसून आणि पानात वाढून घेऊन. कझाक माणूस ही दोन्ही प्रेमे एकाच दिवशी करू शकतो, आणि खोट कशातच नसते.

कोकजिदा गावचे दोसिमखान मास्तर सदतीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. पहिला बर्फ टिकला, घरोघर हिवाळ्याच्या मांसाची बेगमी सुरू झाली, आणि त्यांची पत्नी कुलपाश चहा ओतता ओतता म्हणाली, "यंदा जिरेनला कापू. लेकीच्या सासरचे यायचेत, आतड्यात मांस भरून काझी नको का करायला?"

"अगं, म्हातारा झालाय तो."

"म्हातारा असला तरी चरबी धरून आहे."

"म्हातारा तर मीही झालोय."

"तुमच्या अंगावर चरबी कुठंय? म्हणून तर वाचलात."

जिरेन या तांबूस घोड्याने अकरा हिवाळे मास्तरांना हिमवादळातून शाळेतून घरी आणले होते. पण 'मला रडू येतंय' असे बायकोला सांगायची सोय नव्हती. तेव्हा रडू आल्यावर शिकलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केले. समिती काढली.

पहिल्या सभेला एकेचाळीस जण हजर होते. सचिवपदी गावचा खाटीक मामिरबेक एकमताने निवडला गेला, कारण घोड्यांशी इतका निकटचा संबंध दुसऱ्या कुणाचा आला नव्हता. अध्यक्ष मास्तरांनी ठराव वाचला : 'कोणताही घोडा खाण्यासाठी कापू नये.'

मामिरबेक उठून अध्यक्षांना आदराने म्हणाला, "दोसेके, ठराव झकास आहे. फक्त 'कोणताही' हा शब्द जरा जाड पडतोय. पातळ करा की!"

चार तास तो पातळ करण्यात आला. शर्यत जिंकलेला, शर्यत हरूनही मन न हरलेला, मालक प्यायला असता त्याला बिनचूक घरी आणणारा, सासऱ्याने दिलेला, सासऱ्याला पाडणारा, असे सर्व घोडे कापण्यातून वगळण्यात आले. गावात एकूण घोडे तीनशे बारा. वगळलेले तीनशे बारा. (एक चावरा आणि पूर्ण बिनकामाचा होता, पण तो सचिवांचा होता.)

मग खायचे काय? मेंढीवर चर्चा झाली. परंतु काझी मेंढीची होत नाही, हे अध्यक्षांनीच मान्य केले. अखेर बावीस किलोमीटरवरच्या सारीशोकीकडे लक्ष वेधण्यात आले. तिथले घोडे आपल्याकडे परक्या नजरेने बघतात, याला साक्षीदार निघाले. कलम चार मंजूर झाले : 'आपल्या गावचा घोडा कापू नये.' सारीशोकीतही तोवर समिती निघालीच होती. चांगले विचार खरजेसारखे पसरतात. गुरुवारी नदीकाठी घोड्यास घोडा अशी अदलाबदल झाली. दोन्हीकडचे लोक मनापासून रडले. त्या हिवाळ्यात स्वतःचे घोडे कापण्याचे प्रमाण शंभर टक्क्यांनी घटले, आणि नियमावलीच्या प्रती लांबलांबच्या गावांनी मागवल्या.

मास्तर त्या गुरुवारी इतिवृत्त लिहीत बसले होते. घरी आले तर तबेल्यात एक अनोळखी अबलख घोडा.

"जिरेन कुठाय?"

"दिला सारीशोकीला," कुलपाश म्हणाली. "अध्यक्षाच्याच घराने नियम मोडायचा का?"

मास्तरांचा चहा निवून गेला. दोन दिवस ते सारखे फाटकापर्यंत जाऊन येत होते.

तिसऱ्या सकाळी फाटकाशी खिंकाळणे ऐकू आले. जिरेन! पापण्यांवर हिम, गळ्यात तुटका दोर. मास्तर चपलांवरच बर्फात धावले आणि त्याच्या गळ्यात पडून गावासमोर रडले, कसलाही ठराव न करता.

मामिरबेक नोंदवही घेऊन आला. सुरीही सोबत होती. "अभिनंदन, दोसेके! पण कलम चार बघा. हा आता सारीशोकीचा घोडा."

"म्हणजे?"

"म्हणजे खायचा."

मास्तरांनी नियमावली तीनदा चाळली. पळवाट नव्हती, मसुदा त्यांनीच केला होता.

एवढ्यात पळी हातात घेऊन कुलपाश बाहेर आली. तिने घोड्याकडे पाहिले, मग नवऱ्याच्या लाल नाकाकडे.

"मामिरबेक, कुठून आला म्हणालास हा?"

"सारीशोकीहून."

"एवढ्या बर्फातून? माझ्या दारात? मग पाहुणा आहे हा. पाहुण्याला कापायची रीत तुझ्या आजोळी असेल. हो बाजूला!"

मामिरबेकने निमूट नोंद केली. "पाहुणा किती दिवस लिहू, वहिनी?"

"जाईपर्यंत."

आज सहावे वर्ष आहे. पाहुण्याने जाण्याचे नाव काढलेले नाही. (सारीशोकीचा नवा धनी विचारायला आला, कुलपाशने त्याला जेवू घातले आणि दोन मेंढे देऊन वाटेला लावले.) लेकीच्या सासरच्यांना अबलखाची काझी फार आवडली. मास्तरांनीही दोनदा वाढून घेतली. सारीशोकीत त्या वेळी कुणी फाटकाशी अबलखाची वाट बघत उभे होते किंवा कसे, याची नोंद नाही.

समिती आता बाहेरचे सभासदही घेते. 'शी, घोडा कसा खातात हो!' असे म्हणणाऱ्या दूरदूरच्या सहृदय वाचकांची तिथे रीघ आहे. अर्जात एकच प्रश्न असतो : 'गेल्या रविवारी आपण जे खाल्ले, ते दुसऱ्याच कुणाचे होते ना?' (शाकाहारी अर्जदारांनी पायांतल्या वहाणांविषयी लिहावे.) आपल्याला तसदी नको म्हणून 'हो' छापूनच ठेवले आहे. खाली फक्त सही करायची.