सहा काळी बटणं आणि तीन राजे

हेडक्लार्कांनी त्या रविवारी दुपारी फक्त एकच डाव खेळायचं ठरवलं होतं. (आधीचे अकरा डाव त्यांनी हिशोबात धरले नव्हते, कारण ते सगळे सासूबाईंनी जिंकले होते.)

पोकर घरात आणलं ते त्यांनीच. ऑफिसच्या रद्दीत एक पुस्तक सापडलं, ते त्यांनी तीन आठवडे फायलीखाली ठेवून वाचलं आणि मग सासूबाईंना आणि मेहुण्याला खेळ शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकून द्यायची, मधे एकूण पाच पानं उघडायची, आणि या सगळ्यांतून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. पैसे लावायला सासूबाईंची सक्त मनाई. म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घ्यायची. छोटं बटण एक, मोठं काळं दहा. समोरच्याने लावली तेवढी लावायची, नाहीतर पानं टाकून डाव सोडायचा. घरातलं कुठलंही बटण चालेल, असा नियम मेहुण्याने करून टाकला होता आणि तोच पुढे नडला.

कारण शिवणाच्या मशिनवर एका पुडीत सहा मोठी काळी बटणं होती. ती बँडमास्तरांच्या कोटाची. कोट पसंत पडला तर अख्ख्या बँडचे सोळा कोट बायकोकडे येणार होते. बँडमास्तर पाचला येणार, बायको कोटाला इस्त्री करून आणायला गेलेली, आली की बटणं लावायची. दुकानदाराकडची ती शेवटची सहा. "त्या पुडीला हात लावू नका," असं तिने जाताना दोनदा सांगितलं होतं आणि हेडक्लार्कांनी दोनदा मान डोलावली होती.

साडेचारला मेहुण्याने पानं वाटली. हेडक्लार्कांनी आपली दोन पानं कोपऱ्यातून वर करून बघितली. किलवर राजा. चौकट राजा. त्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. मेहुण्याने स्वतःची पानं टाकून दिली आणि मधे तीन पानं उघडली. बदाम राजा, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री.

तीन राजे झाले. आयुष्यात त्यांच्याकडे एवढी सत्ता कधी आली नव्हती.

तेवढ्यात सासूबाईंनी आपली पानं पुन्हा उचलून बघितली. मग मधली बघितली. मग पुन्हा आपली. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा पान बघणारा माणूस रंगाच्या, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पानांच्या, मागे असतो. मधे दोन बदाम पडलेत, म्हातारीच्या हातात दोन बदाम आहेत, पाचवा आला की तिचा रंग पूर्ण आणि तिन्ही राजे गेले बाराच्या भावात. त्यावर उपायही पुस्तकात होता: पुढचं पान स्वस्तात बघू देऊ नका.

त्यांनी समोरची सगळी बटणं लावली. सगळी म्हणजे नऊ. सासूबाईंनी शांतपणे नऊ लावली.

चौथं पान, किलवर नव्वी. बदाम नाही. पण अजून एक पान बाकी होतं. हेडक्लार्कांनी शर्टाच्या वरच्या तीन बटणांना हिसडा दिला आणि ती मधे ठेवली.

"भाऊजी, तीन म्हणजे फारच स्वस्त झालं हो," मेहुणा म्हणाला.

हेच तर पुस्तक सांगत होतं. त्यांचा हात आपोआप मशिनकडे गेला. (दोन मिनिटांसाठी तर घेतोय, त्यांनी स्वतःला सांगितलं. ऑफिसातही ते सगळं दोन मिनिटांसाठीच घेतात.) सहाच्या सहा काळी बटणं त्यांनी मधे ठेवली.

सासूबाईंनी एक बटण उचललं, डोळ्यांजवळ नेलं, परत ठेवलं. "ही कुठली, जावईबापू?"

"घरातलीच आहेत, आई. नियमात बसतं."

"बसतं ना? मग ठीक." आणि आपल्या ढिगातून मोजून त्रेसष्ट बटणं त्यांनी पुढे सारली.

एवढी बटणं उगाच कोणी लावतं का? बदामच. हेडक्लार्कांना आता शंका उरली नाही. मेहुणा पाचवं पान उघडत होता आणि खाली जिन्यावर चपला वाजत होत्या. त्या चपला ते ओळखत होते. बदाम येऊ नये एवढंच ते मनात घोकत होते.

बदाम चौकी आली.

"आणखी दहा," सासूबाई म्हणाल्या.

दहाचं बटण हेडक्लार्कांकडे एकच उरलं होतं, आणि ते पँटला होतं. पट्टा धुवायच्या कपड्यांत पडला होता. त्यांनी बटणाला हात लावला. राजे तर हरलेच होते, सोळा कोटही गेले, आता बायकोसमोर निदान पँट तरी जागेवर हवी. चपला दाराशी थांबल्या. त्यांनी पानं पालथी टाकली आणि डाव सोडला.

सासूबाईंनी सगळ्यात आधी ती सहा काळी बटणं वेचून मुठीत घेतली.

"रंगच होता ना, आई?" हेडक्लार्कांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"कसला रंग?" सासूबाईंनी पानं उलटी केली. इस्पिक छक्की आणि चौकट तिर्री. "मला चष्म्यातून बदाम आणि चौकट सारखंच दिसतं, म्हणून सारखी बघत होते. काही लागलंच नव्हतं. पण पोरीची बटणं तुमच्या हातात बघितली आणि म्हटलं, ही काही झालं तरी सोडवायची. तुमच्याकडे काय होतं?"

मेहुण्याने त्यांची पानं उलटली आणि दोन्ही राजे मधल्या बदाम राजाशेजारी मांडून ठेवले.

बायको कोट घेऊन आत आली. सासूबाईंनी मूठ उघडली. "घे गं. मी सांभाळून ठेवली होती."

"बरं झालं, आई. माझा जीव सगळा तिकडे होता," बायको म्हणाली आणि दोरा ओवायला बसली. मग तिची नजर वर गेली. "अहो, शर्टाला काय झालं? आई, याची बटणं कुठे आहेत?"

"ती मी जिंकलेली आहेत," सासूबाई म्हणाल्या.

पाचला बँडमास्तर आले. कोट अंगात घालून त्यांनी सहाही बटणं लावली, आरशात दोनदा वळून बघितलं आणि सोळा कोटांची मापं कधी घेता म्हणून विचारलं. हेडक्लार्क उघडा शर्ट छातीशी हाताने धरून दाराजवळ उभे होते. एवढा आदर बघून बँडमास्तरांनीही जाताना छातीवर हात ठेवून मान लववली.

दार लागल्यावर सासूबाई पत्ते पिसायला लागल्या. "बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पँटचं अजून शिल्लक आहे."