मागं मायाप्पा

मायाप्पाला मी कधी कुणाच्या पुढे चालताना पाहिलं नाही. तास संपला की पोरं दारातून लोंढ्यासारखी बाहेर पडत आणि हा आपला बाकाशी उभा. वर्ग रिकामा झाला की एकदा वाकून बाकांखाली बघायचा, मग निघायचा. मेसच्या रांगेतही शेवटी. त्यामुळे त्याच्या ताटात कायम करपलेली चपाती आणि भाजीचा नुसता रस्सा. कुणी हाताला धरून ओढलं तर म्हणायचा, "चल म्होरं, मी हाय मागं."

सांगलीच्या होस्टेलवर तो माझा रूममेट. तो जतकडचा धनगराचा पोरगा, मी साताऱ्यातला पेठेतला, आईने लाडावून ठेवलेला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दोघंही नवे. पण नवेपणाने माझी झोप उडाली होती आणि मायाप्पा मात्र भर वर्गात स्वप्नात असायचा. खिडकीतून ढग बघत बसायचा. सर काय शिकवतात ते त्याला सांगता यायचं नाही, ढग कुठल्या दिशेला निघालेत ते बिनचूक सांगायचा.

एकदा मुलींनी तक्रार केली, की हा रोज आमच्या मागून येतो. सरांनी बोलावलं. सोबत मीही गेलो, जरा घाबरतच. सर भलतेच तापले होते.

"सर, मी सगळ्यांच्याच मागनं येतो," मायाप्पा शांतपणे म्हणाला. "त्यातली एक लंगडतीया. चप्पल चावतीया तिला, खरं बाकीच्या थांबंनात. मागं ऱ्हायली तर?"

सरांनी कपाळावर हात मारला आणि उद्यापासून सगळ्यांच्या पुढे चालायचा हुकूम सोडला. दुसऱ्या दिवशी मायाप्पा पुढे चालला, पण उलटा, आमच्याकडे तोंड करून. पार्किंगमधल्या दोन-चार गाड्या आडव्या झाल्यावर सरांनीच हुकूम मागे घेतला.

"अरे, आम्ही काय मेंढरं आहोत?" मी वैतागून विचारलं.

"न्हाई रं," तो म्हणाला. "मेंढरं ऐकत्यात."

पहिल्या चाचणीत गणितात मी सपशेल आपटलो. सगळं शिकवणं इंग्रजीत, डोक्यात धुकं, आणि संध्याकाळ झाली की घरची आठवण यायची. दिवाळीची सुट्टी संपून आठवडाही झाला नव्हता. एका दुपारी कुणाला न सांगता बॅग भरली आणि एस.टी. स्टँड गाठला. कॉलेज कायमचं सोडायचं, एवढं पक्कं होतं. साताऱ्याची गाडी अजून लागायची होती. बसल्या बसल्या सहज मान वळवली, तर मागच्या बाकावर मायाप्पा शेंगा सोलत बसलेला.

"जायाचं तर जा," त्याने ओंजळीतल्या शेंगा माझ्यापुढे केल्या. "पर सांगून जा. न सांगता गेल्यालं लय हुडकाया लागतंय."

मला रडूच फुटलं. त्याचा रागही आला. "तुला नाही येत घरची आठवण? दिवाळीलासुद्धा गेला नाहीस तू!"

त्याने शेंगा माझ्या हातात ओतल्या.

"कुठं जाऊ? दसरा झाला की आमचा तळ हलतोय. आय-बा मेंढरं घिऊन कवा कराडाकडं, कवा कोयनंकडं. ज्याच्या रानात मेंढरं बसवली तितं घर. आयच्या फोनला चार्जिंग असलं तर कळतंय. न्हाईतर ढग बघत बसायचं. तिकडं ढग चाललं की जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. बारकी पिल्लं, समदी उघड्यावर."

तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली. मायाप्पाने तिच्या पाटीकडे बोट केलं.

"तुझ्या घराचं नाव पाटीवर हाय. लय बरं हाय गड्या."

मी हातातल्या शेंगा फोडायला लागलो. कंडक्टर दोनदा ओरडला, लोक चढले, गाडी गेली. मी तिथेच शेंगांची टरफलं मुठीत धरून बसलेलो.

उन्हं कलल्यावर आम्ही उठलो. स्टँडच्या दारात तो सवयीने बाजूला झाला. "चल म्होरं."

"आज तू चल," मी म्हणालो. "मी आहे मागं."

त्याला ते जमेना. अंग चोरून, चुकार पावलं टाकत तो निघाला. कोपऱ्यावर पोचताच थबकला आणि वळून बघितलं.

मी होतो.

मग तो सरळ चालू लागला.