कोंबडीखालचा उपग्रह

जिंतुरात भर पावसात नुसत्या काड्यांची छत्री डोक्यावर धरून कोणी आनंदाने भिजत चाललेला दिसला, तर ते आमचे फिजिक्सचे वाघमारे सर. कापड त्यांनीच फाडलेलं. काड्यांचा अँटेना केलेला. रशियाच्या उपग्रहाला शिंक आली तरी पहिली खबर जिंतुरात, असा माझा दावा आहे. पटत नसेल तर रशियात जाऊन विचारा.

"खालून बघू नका मास्तर, वरून बघा," हे मला, शाळामास्तराला, ऐकवायचं त्यांचं पालुपद. नामांतराच्या बंदमुळे कॉलेजला कुलूप लागलं की सर घरी उपग्रह बांधत. एकटा जीव, अडवणारं कोण? पानाच्या पितळी डब्यात त्यांनी बॅटरी, ट्रान्झिस्टरची आतडी आणि तापमापक कोंबला. गारव्यात डबा सावकाश चिवचिवे, उबेत भराभर. विद्यापीठाने तो आपल्या हवामानाच्या फुग्याला बांधून सोडायचं कबूल केलं. डबा धड परत आणून दाखवला, तर पुढे खऱ्या रॉकेटवर जागा.

डबा उडाला. छत्रीवर ऐकू येणारी चिवचिव मंदावत मंदावत गेली आणि दुसऱ्या दिवशी एकदम भराभर. सरांनी गावभर पेढे वाटले. फुगा अजून वरच आहे, तिथे उबदार हवेचा नवा थर सापडलाय आणि त्याचं नाव 'जिंतूर थर', हेही ठरून गेलं. पुढे कित्येक दिवस तापमान तसूभर हललं नाही.

विद्यापीठाची मंडळी डबा बघायला आली आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार म्हणाली, तेव्हा कुठे सर छत्री घेऊन शोधायला निघाले. मी मागे. आवाजाचा माग काढत चारठाण्यात एका म्हातारीच्या अंगणात पोचलो. टोपलीत खुडूक कोंबडी. तिच्या पोटाखालून चिवचिव.

"आभाळातून पडलं," म्हातारी म्हणाली. "गार पडलं व्हतं, हळूहळू रडायलतं. म्हणून हिच्याखाली सारलं. आता बघा कसं बोलायलंय."

जिंतूर थराला पिसं होती. मी हसून हसून अंगणातल्या बाजेवरून पडलो, मग डबा काढायला हात घातला, तर कोंबडीने बोट फोडलं.

"खाली अंडी हायत," म्हातारीने दटावलं. "उठवली तर परत बसायची न्हाई. आपसूक उठंल ती."

सर मांडी घालून टोपलीशेजारी बसले. जिंतूरची बस हॉर्न वाजवत निघून गेली. विद्यापीठाची मंडळी निघतील, रॉकेट हातचं जाईल, मी परोपरीने सांगितलं. सर हलले नाहीत.

"लेकरंबाळं किती तुमाला?" चहा देत म्हातारीने विचारलं.

सरांनी कोंबडीखाली बोट दाखवलं. "हे एवढंच, माय."

म्हातारी हसली नाही. तिने ऊन बघितलं आणि टोपली हळूच सावलीत सरकवली.