कडेलोट जहाजावरचे हरवलेले डबे

शुभंकर स्वतःबद्दल काय सांगतो ते आधी ऐका, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. त्याच्या प्रोफाइलवर लिहिलंय, जसंच्या तसं सांगते: "खासगी गुप्तहेर, भूतल व अंतराळ. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची." एवढे सगळे प्राणी हडपसरच्या एका वन बीएचकेत राहतात. आजवर केसेस दोन. पहिली, सोसायटीच्या गच्चीची हरवलेली किल्ली. ती त्याच्याच खिशात सापडली. दुसरी, ती किल्ली त्याच्या खिशात कोणी ठेवली. ती अजून चालू आहे.

तिसऱ्या केसमध्ये मी त्याची असिस्टंट होते. आणि आरोपी पण मीच होते. थांबा, नीट सांगते.

आम्ही चाचे आहोत. म्हणजे दिवसभर मी आयटी पार्कात ट्रेनी असते, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते, आणि संध्याकाळी सातला चाचा होते. 'ड्रिफ्टलेन' नावाचा ऑनलाइन गेम आहे, त्यात जगभरची माणसं अंतराळात जहाजं चालवतात. शहाणी माणसं व्यापार करतात. आम्ही त्यांना अडवून लुटतो. आमच्या जहाजाचं नाव 'कडेलोट'. कॅप्टन केदार, कारण जहाज त्याच्या कॉम्प्युटरवर आहे. हा पुण्याच्या कसबा पेठेत सात पिढ्या राहतो, असं तो पहिल्या भेटीत सांगतो, दुसऱ्या भेटीतही सांगतो. वाटाड्या शुभंकर. आणि तोफेवर मी, नम्रता, मूळची अमरावतीची.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच माझा जीव अडकला होता. मी पुण्यात आले त्याला वर्ष झालं. पीजीतल्या मुली चांगल्या आहेत पण हेडफोन काढत नाहीत. ऑफिसात सगळे "लंचला जाऊ या" म्हणतात आणि निघून जातात. या शहरात मला नावाने हाक मारणारी माणसं म्हणजे हे दोघं. ती पण कशी, तर "नम्रता, डावीकडे फायर, झोपलीस का." पण हाक ती हाक.

तर झालं असं. ड्रिफ्टलेनमध्ये 'काळा काफिला' म्हणून चाच्यांची मोठी टोळी आहे. त्यात घ्यायला ते पुरावा मागतात. तुम्ही जहाज लुटलं की त्याचा मालाचा डबा तुमच्याकडे येतो, आणि प्रत्येक डब्यावर मूळ मालकाचं नाव कोरलेलं असतं. असे चाळीस डबे दाखवा, काफिल्यात या. तपासनीस येणार होता शनिवारी संध्याकाळी पाचला. आम्ही महिनाभर घाम गाळून अडतीस डबे जमवले.

आणि मग डबे जायला लागले.

सोमवारी चौतीस. मंगळवारी तीस. बुधवारी पंचवीस. गंमत म्हणजे चोर माल नेत नव्हता. माल आम्ही कोठीत ओतून ठेवतो, तो तसाच. जात होते नुसते रिकामे डबे. आणि प्रत्येक डब्यामागे कोठीतला चांदणचुरा थोडासा कमी. चांदणचुरा म्हणजे त्या गेममधली सगळ्यात भारी वस्तू. तो पण किती, तर चमचाभर म्हणावा एवढा.

"केस माझ्याकडे द्या," शुभंकर म्हणाला. कोणी दिली नाही. त्याने घेतली.

पहिली थिअरी गुरुवारी आली. "जहाजाला भोक आहे."

"भोकातून डबे जातात आणि चुरा राहतो?" मी विचारलं.

"मोठं भोक आहे."

केदारने सांगितलं की नोंदवहीत वेळ दिसतेय. रोज दुपारी दोन दहा ते दोन चाळीस. डबे 'रवाना' झाल्याची नोंद, आणि पुढे लिहिलंय, 'कॅप्टनच्या खुर्चीवरून'.

शुभंकर उठून उभा राहिला. व्हॉइस कॉल होता, पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "केदार, दोन वाजता तू कुठे असतोस?"

"क्लासला."

"म्हणजे खुर्ची रिकामी. म्हणजे हॅकर. आता बघा, दुपारी दोनला पुण्यात कोण जागं असतं? कोणी नाही. म्हणजे चोर अशा देशातला आहे जिथे तेव्हा सकाळ असते. ब्राझील."

"पुण्यात चाळीस लाख माणसं दुपारी जागी असतात," मी म्हटलं.

"कसब्यात नसतात," केदार म्हणाला. त्याचं पुणं कसब्यात सुरू होतं आणि मंडईपाशी संपतं.

शुक्रवारपर्यंत ब्राझील टिकलं. मग शुभंकरने ग्रुपवर एक लांबलचक अहवाल टाकला. त्यातले मुद्दे असे: हॅकिंग कॉम्प्युटरवाल्यांनाच जमतं. नम्रता आयटीत आहे. नम्रताचा लंच ब्रेक दोनला असतो. आणि मागच्या महिन्यात एका व्यापाऱ्याला लुटताना नम्रता "बिचारा" असं म्हणाली होती. हत्तीची स्मरणशक्ती ती हीच.

मी हसले. मला वाटलं केदार पण हसेल. केदारने लिहिलं, "नम्रता, यावर तुझं काय म्हणणं आहे?"

असं विचारतं का कोणी? मी लिहिलं, मी कशाला पाठवू डबे, मलाच तर हे जहाज पाहिजे. केदारचं उत्तर: "उद्या पाचला तपासनीस येतोय. त्याच्या आत गद्दार जहाजावरून उतरला पाहिजे. कोणी का असेना." हे 'कोणी का असेना' वाचून मला जास्त लागलं.

मग मीच म्हटलं, ठीक आहे. शनिवारी मला सुट्टी. दुपारी दोन वाजता मी शुभंकरच्या समोर बसते, दोन्ही हात टेबलावर, मोबाइल त्याच्या ताब्यात. तरी डबे गेले तर मी सुटले.

"मान्य," शुभंकर म्हणाला. "आणि मी सापळा लावतो."

सापळा काय, तर गेममध्ये आपल्या पात्राला डब्यात लपवता येतं, चाच्यांची खास सोय. शुभंकर स्वतः एका रिकाम्या डब्यात बसणार, चोर डबे चोरायला आला की बाहेर पडून पकडणार. डबा त्याने नीट निवडला. त्यावर नाव होतं 'बद्रीनाथ', कारण तो सगळ्यात मोठा होता आणि शुभंकरला मांडी घालता येत होती.

"तुझं पात्र आहे ते. त्याचे पाय कुठे अवघडतायत," मी म्हटलं.

"नम्रता, तपासात शिस्त लागते."

तर शनिवार. हडपसरला त्याच्या टेबलाशी मी बसलेय, हात पुढे पसरून, भूत बोलावायला बसल्यासारखी. त्याच्या लॅपटॉपवर काळोख, कारण तो डब्यात. दोन दहा झाले. खडखड आवाज आला.

"आला," शुभंकर कुजबुजला. आपल्याच घरात.

"मग बाहेर पड."

"झाकण लागलंय."

"उघड ना."

"बाहेरून लागलंय. थांब, मी हलतोय. मला कुठेतरी नेतायत. वेग प्रचंड आहे. इंजिनाच्या आवाजावरून हे रशियन असावेत."

"बाप्पा, ब्राझील होतं ना?"

"ब्राझीलचं इंजिन रशियन असू शकतं."

माझे हात टेबलावरच होते, हे तुम्ही लक्षात ठेवा. मी म्हटलं, बघ, मी इथेच आहे, डबे चालले, म्हणजे मी नाही. शुभंकरने माझ्याकडे पाहिलं. घारीच्या नजरेने. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुझा साथीदार आहे."

आणि तेवढंच त्याने क्लासात बसलेल्या केदारला पाठवलं. 'नम्रता अधिक एक साथीदार.' माझा मोबाइल त्याच्याच पुढ्यात होता, त्यावर लगेच टिंग वाजलं. मी वाकून वाचलं. 'तुम्हाला कडेलोट या जहाजावरून उतरवण्यात आले आहे.' केदारने क्लासातून मोबाइलवरच दाबलं होतं. ना कारण, ना काही. मी तसेच हात ठेवून बसले, का माहीत नाही.

तेवढ्यात लॅपटॉपवर उजेड पडला. झाकण उघडलं. समोर एक साधा गोदामवाला व्यापारी उभा, आणि स्पीकरमधून आवाज आला, "आता गं. ह्यात मानूस हाय."

"हात वर," शुभंकर म्हणाला.

"कोन बोलतंय? तुमी कडेलोटवाले का? मी बद्रीनाथ. हडपसरच्या म्होरं मांजरी गावात ऱ्हातो, उसाकडं बघतो, सांच्याला जरा ह्यो खेळ खेळतो. आज पानी नव्हतं सुटलं म्हनून दुपारचाच बसलो. डबा पोचला बरं का. पर दर येळी चांदणचुरा घालून येतो, आज तुमाला घातलंय. चुरा बी हाय म्हना बुडाशी."

शुभंकर वहीत 'बुडाशी चुरा' असं लिहायला लागला. मग मीच माइकशी वाकले. "दादा, डबा दर वेळी परत येतो? पाठवतं कोण?"

"तुमच्या जहाजावरच्या बाई. चिठ्ठी असती त्यात. ह्ये बगा, वाचतो. 'स. न. वि. वि. आपला डबा आमच्या मुलांकडे राहून गेला होता. धुऊन परत पाठवत आहे. मुलं लहान आहेत, राग मानू नये. सौ. सुनीती.'"

सुनीतीकाकू. केदारची आई.

"आमच्या बाजारात समद्यांना ठावं हाय," बद्रीनाथदादा पुढे म्हणाले. "ह्या आठवड्यात कडेलोटनं लुटलं की दोन दिसांत डबा परत, वर चांदणचुरा. म्हनून तर आमी तुमच्याच वाटंनं येतो. ती दुसरी वाट मोकळी हाय, पर तिथं काय मिळतंय?"

म्हणजे आठवडाभर आम्ही ज्यांना दबा धरून, कट करून, डावीकडे फायर करून पकडत होतो, ते लाइन लावून लुटून घ्यायला येत होते.

शुभंकरच्या बाइकवरून आम्ही कसब्यात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. जिना चढताना तो म्हणाला, "मला सुरुवातीपासून घरातल्याच माणसाचा संशय होता." मी मागे वळून पाहिलं पण नाही.

काकू शिक्षिका आहेत, शाळा सकाळची, बाराला सुटते. दुपारी त्या हॉलमध्ये असतात आणि कॉम्प्युटर पण हॉलमध्ये, कारण दार बंद करून काही केलेलं त्यांना चालत नाही. केदार नुकताच क्लासहून आला होता. मी सगळं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"रिअ‍ॅक्टर," तो म्हणाला. मग कळलं की जहाजाचा रिअ‍ॅक्टर दुपारी गार पडतो, म्हणून यानेच गेल्या रविवारी आईला शिकवलं होतं, दोनला लाल दिवा लागला की हिरवं बटण दाब. आणि आई खेळत नाही, म्हणून तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

"आई, तू आमचे डबे परत पाठवलेस?"

"तुमचे कुठले? नावं होती की त्यांच्यावर." काकू शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही. "बटण दाबायला बसले तर समोर ही रास. बद्रीनाथ, महिपती, विजयमाला. लोकांची भांडी महिना महिना घरात ठेवायची पद्धत आहे का आपल्याकडे? शेजारी बटणच होतं, मालकाकडे पाठवा म्हणून."

असं बटण आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही कशाला बघतोय.

"आणि चांदणचुरा?"

"रिकामा डबा कसा द्यायचा रे? साखर नव्हती तिथे. ते चकचकीत होतं, ते घातलं चमचाभर."

"आई, आम्ही चाचे आहोत."

"असाल. म्हणून डबे ठेवून घ्यायचे?"

शुभंकर वहीत काहीतरी लिहीत होता.

पाचला तपासनीस आला. कोठीत सात डबे. त्याने ते मोजले, जहाज वळवलं आणि गेला. काकू म्हणाल्या, "बसला पण नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराशीच उभी होते, बूट पण काढले नव्हते.

"ही का तिथे उभी आहे?"

"तिला काढलं जहाजावरून," शुभंकरने माहिती पुरवली. "साथीदारासह."

काकूंनी शेंगांचं ताट खाली ठेवलं. "केदार, डबे मी पाठवले ना?"

"हो."

"मग काढायचं कोणाला?"

केदारने मान खाली घातली. सॉरी वगैरे शब्द त्याच्या घराण्यात नसावा. तो कॉम्प्युटरपाशी गेला आणि पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाला, "तोफेवर कोणीतरी लागेल. याला बसवलं तर आपलंच जहाज फुटेल."

"बरोबर आहे," शुभंकर म्हणाला. कोणाबद्दल चाललंय ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

माझा मोबाइल वाजला. 'कॅप्टन केदार तुम्हाला कडेलोट जहाजावर बोलावत आहेत. स्वीकारायचे?'

मी बूट काढले, काकूंच्या शेजारी बसले, ताट पुढे ओढलं आणि शेंगा सोलायला लागले. केदार दर मिनिटाला स्क्रीनकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. मी दहा मिनिटं काही दाबलं नाही. वर्ष झालंय मला पुण्यात, एवढा पुणेरी ताठा तर आता मला पण येतो.