हाव कोन म्हनलं?

तेलंगणातल्या आमच्या वांकिडीकडचा मारोती उभ्या ज्वारीशी बोलतो. एवढं मोठं हार्वेस्टर चालवणारा माणूस, पण शेतात शिरण्याआधी स्वारी खाली उतरते, किल्ली खिशात टाकते आणि बांधावरून पिकाला विचारते, "अंदर कोनी हाय का? असंल तं हाव म्हना!" हाव म्हणजे आमच्याकडचं हो. मग तेच तेलुगूत, मग हिंदीत. रानडुक्कर कुठल्या मुलखाचं निघेल, सांगता येतं का!

मग थांबायचं. ज्वारी डोक्याच्या वर, दोन हातांपलीकडं काही दिसत नाही. वारा नसतानाही आत कुठंतरी पानं सळसळतात. आणि मारोती मान वाकडी करून शेतवाल्याला हळूच विचारतो, "हाव म्हनलं का कोनी? तुमाले आलं ऐकू?"

भल्याभल्यांच्या अंगावर काटा येतो. गावात म्हणतात, त्याला झपाटलंय. मी म्हणते, झपाटलेला तर झपाटलेला, दारू पिऊन तर मशीन हाकत नाही! उलट आपल्यालाच दटावतो, "पदर खोचा वैनी, मशीनले डोये नाही."

यंदा तो आमच्याकडं आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. कणसं भिजली की दाणा काळा पडतो. त्यात सासूबाई सकाळपासून कुठं उलथल्या होत्या कोण जाणे. शेजारी बसून माझ्या चहाड्या करत असतील, म्हणून मी आधीच तापलेली. त्यानं विचारलं तशी खेकसले, "नाही म्हनलं कोनी! चालवा आता!"

तो वर चढला आणि परत उतरला.

"तुमी ऐकलंच नाही वैनी. तुमी बोलून राह्यल्या होत्या."

मला तोंड मिटून उभं केलं. पुन्हा हाक मारली. आणि माय वं! ज्वारीतून बारीक आवाज आला, "हाव."

मी आवाजाच्या दिशेनं बोट दाखवलं. मारोती धावला, मागून मी.

मधोमध सासूबाई पडलेल्या. बियाण्याची कणसं निवडायला शिरल्या होत्या, पाय मुरगळला. मी त्यांना कवटाळून ढसाढसा रडले. सकाळपासून ह्याच बाईला मी शिव्या देत होते.

"केव्हाची हाव म्हनून राह्यली," त्या चिरक्या आवाजात म्हणाल्या. "बहिरे झाले का सारे?"

त्यांना बांधावर आणून बसवलं. मारोतीही शेजारी मटकन बसला. "खरं निंगालं! एवढ्या वर्सांत पयल्यांदा खरं निंगालं, वैनी!"

"म्हंजे?"

तेव्हा त्यानं सांगितलं. मशीनच्या आवाजानं कान गेलेत. ती बंद केली की कानात घुमत राहतं, आणि हाक मारली की आतून कोणीतरी हाव म्हणतं. दर शेतात, दर पिकात. खरं कुठलं, कानातलं कुठलं, त्याला कळत नाही. म्हणून तो दुसऱ्याला विचारतो.

मला भरदुपारी थंडी वाजली. "भाऊ, घरी बी येते का तो आवाज?"

तो माझ्या ओठांकडं बघत होता.

"घरी नाही येत," तो म्हणाला. "बायको गेल्यापासून लय डाव हाक मारून पाह्यली. घरी कोनीच हाव म्हनत नाही."